साताऱ्यातलं जुन्या बिल्ल्यांचं दुकान: मखमलीचा ट्रे जपून, खालचा खण निवांत

मोती चौकाजवळच्या एका बोळात जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पाटी नाही. दाराशी टांगलेले कंदील आणि पायरीवर मांडलेली तांब्याची घंगाळं हीच खूण. पुढच्या भागात समया, अडकित्ते, बंद पडलेली लोलकाची घड्याळं आणि ग्रामोफोनचे कर्णे. विमानदलाचे बिल्ले बाहेर मांडलेले नसतात. शेठना विचारलं तरच गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटातून निघतात. वरच्या फळीवर लाल मखमलीचा ट्रे, त्यात धातूचे पायलट विंग्ज, म्हणजे वैमानिकानं छातीवर लावायचे पंखांच्या आकाराचे बिल्ले. त्याखाली एक लाकडी खण, त्यात कापडावर भरलेले. गिऱ्हाइकाची नजर ट्रेवर जाते आणि तिथेच अडकते. घेण्यासारखा माल मात्र खणात आहे, आणि तोही ट्रेच्या निम्म्या भावात.

आधी माल कुठून येतो ते पाहू, कारण शेठ प्रत्येक तुकड्याबरोबर एक गोष्ट देतात. सातारा म्हटलं की लष्कर आलंच. पहिल्या महायुद्धात अपशिंग्याने 46 जवान गमावले, गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ चिकटलं ते कायमचं. देशातली पहिली सैनिक शाळाही 1961 मध्ये साताऱ्यातच निघाली. त्यामुळे ‘हे इथल्याच एका वाड्यातनं आलंय’ हे वाक्य दुकानात सहज खपतं. पण या जिल्ह्यातली माणसं पिढ्यानपिढ्या गेली ती मुख्यतः पायदळात. साताऱ्याच्या माळ्यावर पलटणीचे बिल्ले, बकलं, पदकं सापडतात. पायलटचं विंग सापडणं अशक्य नाही, पण नियमही नाही. दुसऱ्या महायुद्धातला असा माल इकडे येतो तो बहुधा पुणे, देवळाली, मुंबई या वाटेनं. देवळालीला ब्रिटिश फौजांचा मोठा तळ होता आणि पुण्याचा लोहगाव तळ 1939 पासूनचा. आरएफसीचं, म्हणजे रॉयल फ्लाइंग कोअर या जुन्या ब्रिटिश विमानदलाचं विंग ‘पणजोबांच्या ट्रंकेतलं’ म्हणून पुढे आलं तर जास्तच सावध व्हावं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं विमान उडवलेल्या हिंदी वैमानिकांची नावं बोटांवर मोजता येतात: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, श्रीकृष्ण वेलिंगकर, एरॉल सेन. एवढ्या छोट्या यादीत पणजोबा बसत असतील तर घरात फोटो, पत्र, सेवापुस्तिका असं काहीतरी असणारच. ते मागावं. नसेल तर बिल्ल्याचे पैसे द्यावेत, गोष्टीचे देऊ नयेत.

आता ट्रे. त्यात साधारण चार जातींचा माल असतो: ‘स्टर्लिंग’ छाप असलेले अमेरिकन विंग्ज, आरएएफचे, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचे पितळी विंग्ज, जर्मन विमानदलाचे गरुड, आणि नाजूक ब्रोच. पाचवी एक जात आहे, तिच्याबद्दल पुढे. जर्मन मालाबद्दल एका ओळीत उरकतो: या ट्रेमधला एकही तुकडा घेऊ नये. जगभर ज्या बिल्ल्यांच्या सर्वात जास्त नकला निघाल्या त्यांत हे येतात. इथले तर ओतीव, म्हणजे साच्यात ओतून काढलेल्या नकला आहेत, आणि डोळ्यांना दिसेल इतके ओतीव.

आरएएफच्या पितळी विंग्जबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. या दलाचा नियमाप्रमाणे असलेला पायलट बिल्ला धातूचा नाही, कापडाचा. 1913 मध्ये आरएफसीसाठी मंजूर झालेला बिल्ला भरतकामाचाच होता. 1 एप्रिल 1918 ला आरएएफ जन्माला आली, तेव्हा मधली अक्षरं बदलली, पद्धत तीच राहिली. धातूचे विंग्ज वैमानिक खाजगीरीत्या करून घेत. उष्ण मुलखात शर्ट रोज धुवायला टाकावा लागे, आणि काढता-घालता येणारं विंग सोयीचं पडे. म्हणजे जुनं धातूचं विंग असू शकतं, पण ते कुठल्याच ठरलेल्या नमुन्यात बसत नाही. नक्कल करणाऱ्याला यापेक्षा मोकळं रान कुठलं? ट्रेमध्ये हुबेहूब एकसारखे पाच-सहा पितळी विंग्ज दिसले, प्रत्येकावर तोच पिसाचा तुटका कोपरा, की उत्तर मिळालं. साचा ज्या तुकड्यावरून घेतला त्याचीच ती तूट, सगळ्या पिलावळीत उतरलेली.

ठशाचं काम आणि ओतकाम यांतला फरक दहापट भिंगातून पाहायला शिकलं की निम्मं काम झालं. डायने ठोकलेल्या बिल्ल्यावर पिसांच्या रेघा धारदार असतात, रेघांमधली जमीन गुळगुळीत असते आणि कडेला पत्रा कापल्याच्या बारीक उभ्या रेषा दिसतात. ओतीव तुकड्यावर रेघांचे काठ गोलसर, जमिनीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, आणि कडेला साच्याच्या दोन भागांची शिवण किंवा ती घालवायला मारलेल्या कानशीचे ओरखडे. छिद्रं का पडतात? रसात अडकलेला वायू बाहेर पडता पडता धातू गोठतो. दुसरी खूण मापाची. धातू गार होताना आकसतो, म्हणून खऱ्या तुकड्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मुळापेक्षा जरा लहान भरते. अमेरिकन पायलटचं नेहमीचं विंग 3 इंचाचं, म्हणजे 76 मिलिमीटर. शर्टावरचं 2 इंचाचंही निघायचं. व्हर्नियरची मोजपट्टी लावून ट्रेमधले मोजले तर 74च्या आसपास भरणारे निघतात. मूळ कारखान्यांच्या मालातही थोडा फरक असतो हे खरं, म्हणून नुसत्या मापावर निकाल देऊ नये. पण माप कमी, काठ गोल आणि छिद्रंही, असं तिन्ही एकत्र आलं की घासाघीस कसली करायची?

मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बोलते. पिन कशी बसवली आहे ते पाहावं. जुन्या कामात बिजागरी आणि खाच वेगवेगळे डाख देऊन बसवलेले असतात. डाखाचा रंग मागच्या धातूइतकाच मळलेला हवा. मागं सगळं काळं आणि डाखाभोवती तेवढं चकचकीत वलय असेल तर पिन नंतर लावली आहे, किंवा तुकडाच नवा आहे. दोन खिळे आणि मागून दाबून बसणारे क्लच पाहून ‘नवं’ म्हणून सोडून देऊ नये. तशी पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकन मालात आलेली होती. झीज कुठे आहे तेही बघा. छातीवर वापरलेल्या विंगची उंच टोकं झिजतात, मधली ढाल आणि पिसांचा वरचा काठ. खोलगट भागात काजळी राहते. कृत्रिमरीत्या जुना केलेला तुकडा उंच-सखल सगळीकडे सारखाच काळा असतो, आणि खळग्यात बुटाचं पॉलिश भरलेलं असेल तर टूथपिकच्या टोकाला मेण लागतं.

‘स्टर्लिंग’ ही अक्षरं आहेत म्हणजे चांदी आहे असं समजणारा गिऱ्हाईक शेठना फार आवडतो. स्टर्लिंग म्हणजे हजारात 925 भाग चांदी. ते तपासायला आम्ल लागत नाही, तुकडा घासावाही लागत नाही. शंभर ग्रॅमपर्यंतचा, 0.01 ग्रॅमचा खिशातला काटा घ्यावा. आधी बिल्ला कोरडा तोलायचा. मग काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, बिल्ला बारीक नायलॉनच्या दोऱ्याला टांगून पूर्ण बुडेल पण तळाला आणि काठाला लागणार नाही असा धरायचा. आता काटा जे वजन दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचं. कोरडं वजन भागिले हे वजन, म्हणजे घनता. समजा बिल्ला 17.20 ग्रॅमचा आहे आणि पाण्यात काटा 1.68 दाखवतो, तर घनता 10.24. स्टर्लिंगची 10.3 ते 10.4 असते. पोलादी पिनमुळे आकडा थोडा खाली येतोच, तेव्हा हे चांदीत बसलं. तोच आकडा 2.02 आला तर 8.5, म्हणजे पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी फक्त नावात असते. 2.58 आला तर 6.7, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, वर नुसतं गिलिट.

इथं चुकायला दोनच जागा. पिसांच्या रेघांत हवेचे बुडबुडे अडकले की सारलेलं पाणी जास्त दिसतं आणि खरी चांदी खोटी ठरते. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून बिल्ला आत दोनदा हलवला की बुडबुडे सुटतात. दुसरं, आतून पोकळ आणि सगळीकडून बंद असलेल्या बिल्ल्याला ही कसोटी लागूच पडत नाही. मिन्याचं काम उडालेलं असेल किंवा मागं कापड चिकटवलेलं असेल तर पाण्यात घालू नये. दुकानात पेल्याचा खटाटोप करायला शेठ ना म्हणत नाहीत, हे त्यांचं कौतुकच. दुपारच्या वेळी तर स्वतः पाणी आणून देतात. त्याहून पक्कं हवं असेल तर मोती चौकाच्या आसपास सराफांकडे टंच काढायचं मशीन असतं. किरण टाकून मिनिटभरात धातूंची टक्केवारी कागदावर येते आणि तुकड्याला ओरखडाही जात नाही. मात्र ते मशीन वरचाच थर वाचतं. जाड मुलामा असेल तर चांदीच सांगेल. म्हणून मशीन आणि पाणी, दोन्हींचा मेळ बसला तरच मान डोलवावी.

ब्रिटिश चांदीच्या तुकड्यावर मागं बारीक शिक्के असतात: चालता सिंह, नांगर, एक अक्षर. इथल्या एका ब्रोचवरचा नांगर दाखवून शेठ तो ‘नेव्हीचा’ म्हणून सांगतात. तो नांगर बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचा, समुद्राशी त्याचा संबंध नाही. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग आणि अक्षर म्हणजे वर्ष. उलट खुद्द हे ब्रोच पायलटचे बिल्लेच नव्हेत. वैमानिक ते बायकोला, आईला, प्रेयसीला देत. आकार लहान, कधी शिंपल्याच्या चकतीवर बसवलेले, कधी मिना केलेले. गोळा करायला छान, बहुतेक अस्सलही, आणि ट्रेमधली सगळ्यात प्रामाणिक वस्तू हीच. फक्त ‘पायलटनं छातीवर लावलेलं’ या दरानं घेऊ नये.

ट्रेमध्ये एकच जात अशी आहे जिच्यासाठी हात खिशात जावा, आणि शेठ तिला सगळ्यात कमी भाव लावतात. दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर आलेल्या अमेरिकन वैमानिकांनी इथल्या सोनारांकडून विंग्ज करून घेतले. पत्रा कापून, छिन्नीनं एकेक पीस कोरून, मागं हातानं वळवलेली पिन. दोन पंखांची पिसं मोजली तर सारखी भरत नाहीत, ढाल जरा कललेली असते, टंच कधी 925च्या खाली येतो. मागं कुणाचंही नाव नाही. नाव नाही म्हणून इथं 900 रुपये, आणि शेजारच्या ओतीव ‘स्टर्लिंग’ला 3,500! मेयर, गॉन्ट, ॲमक्राफ्ट असल्या नामांकित कारखान्यांची नावं नक्कल करणारे आवर्जून टाकतात, कारण नावाला पैसे मिळतात. बिननावाच्या वेड्यावाकड्या विंगची नक्कल करायची तसदी सहसा कुणी घेत नाही.

आता खण. तो ओढताना किंचित अडतो, आत डांबरगोळ्यांचा वास. कापडाचे बिल्ले जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून रबरबँड लावून ठेवलेत, त्याबद्दल पुढे बोलूच. आरएएफचे पायलट विंग्ज, एकाच पंखाचे नेव्हिगेटरचे ‘एन’, एअर गनरचे ‘एजी’, भारतीय हवाई दलाचे सिंहवाले, आणि नौदलाचे कलाबतूचे, म्हणजे जरीच्या तारेनं भरलेले. पंख एकच दिसला की ‘अर्धं तुटलंय, म्हणून स्वस्त’ असं समजू नका. पायलटला दोन पंख, विमानातल्या बाकीच्यांना एक, अशीच ती रचना आहे.

पहिली खूण मुकुट. 1901 पासून 1952 पर्यंत ब्रिटिश बिल्ल्यांवर गोल घुमटासारख्या कमानींचा राजाचा मुकुट, त्यानंतर एलिझाबेथच्या काळात मध्ये दबलेल्या कमानींचा. गोल मुकुट म्हणजे युद्धकाळ, हे गणित बरीच वर्षं चाललं. आता चालत नाही. 2022 मध्ये चार्ल्स गादीवर आल्यावर गोल मुकुट परत आला, म्हणजे कालपरवा भरलेल्या बिल्ल्यावरही तो दिसणार. मुकुटानंतर म्हणून दोरा आणि अस्तर पाहायलाच हवं.

अंधारात निळसर अतिनील टॉर्च मारावा. नोटा तपासायचा स्वस्तातलाही चालतो. पांढरा दोरा दुधी-निळा चमकला तर त्यात उजळपणा आणणारी रसायनं आहेत, आणि ती युद्धानंतरची. पण चमकलं म्हणून लगेच फेकू नका. जुना बिल्ला नंतर कधी साबणाच्या पावडरीत धुतला गेला असेल तर पावडरीतली तीच रसायनं त्यात बसतात. अशा वेळी मागचा, अस्तराखाली दबलेला दोरा पाहावा. पुढचा चमकतो आणि आतला नाही, तर धुतलेला. दोन्ही सारखेच चमकतात, तर नवा. सुटा लोंबता धागा असेल तर शेठच्या परवानगीनं त्याचं टोक चिमट्यात धरून ज्योतीला लावावं. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मणी बनला की युद्धकाळ संपला.

खरोखर गणवेशावर टाचलेल्या बिल्ल्याच्या कडेनं सुईची भोकं असतात, कुठेतरी तुटका दोरा, मागं निळसर-करड्या कापडाचे तंतू. पुढचा रंग उन्हानं उतरलेला, मागचा आणि दुमडलेल्या कडेखालचा मूळचाच. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला बिल्ला कड उलटली की उघडा पडतो, कारण चहा दुमडीखालीही तेवढाच चढलेला असतो. भोकं नाहीत म्हणजे नक्कल, असंही नाही. गणवेशावर न चढलेला साठ्यातला मालही असतोच. फक्त अशा तुकड्याला वापरलेल्याचा भाव मागितला तर भोकं दाखवा म्हणावं.

कलाबतूच्या कामात मोठा घोळ आहे. जगभरच्या सैन्यांचे जरीचे बिल्ले आजही बनारसला आणि सीमेपलीकडे सियालकोटला भरले जातात, आणि हात तितकाच कसलेला. त्यामुळे ‘काम किती सुबक आहे’ हा पुरावाच नव्हे. जुन्या कलाबतूला चांदीमुळे काळपट झाक येते, ती तारेच्या वळणांत जास्त आणि वर कमी. नव्यातली तार तांब्याची आणि वर पातळ मुलामा, ती काळी पडण्याऐवजी तांबूस-हिरवी होते. मागं कागद, मलमल किंवा काळी जाळी असेल तर बरं. प्लॅस्टिकचा पातळ थर दाबून बसवलेला असेल तर ते अलीकडचंच.

भारतीय हवाई दलाच्या मालासाठी तारखा पाठ हव्यात. दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932. मार्च 1945 मध्ये नावाआधी ‘रॉयल’ लागलं, आणि 26 जानेवारी 1950 ला ते गेलं, मुकुटही गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे ‘आरआयएएफ’ (रॉयल इंडियन एअर फोर्स) अक्षरांचा काळ जेमतेम पाच वर्षांचा. थोडा काळ, थोडा माल, मोठी मागणी, साहजिकच नकलाही भरपूर. खणात एक तुकडा आहे त्यावर वर सिंह आणि खाली ‘आरआयएएफ’. भरणाऱ्यानं दोन वेगवेगळ्या फोटोंवरून काम केलं असावं. शेठ त्याला ‘फार दुर्मिळ’ म्हणतात. दुर्मिळ आहेच, कारण असा बिल्ला कुठल्याच वैमानिकाला मिळालेला नाही. सिंहवाले साधे विंग्ज मात्र इथं 400 ते 700 रुपयांत मिळतात, अस्सल आहेत, आणि संग्रहाची सुरुवात त्यांनीच करावी. युद्धकाळातलं आरएएफचं फुगीर भरलेलं विंग 1,800 ते 2,500 ला मिळतं. तपासणीतून पास झालं तर हा भाव रास्त आहे.

सेवेबद्दल. बिल्ले हाताळू देतात, फोटो काढू देतात, घाई करत नाहीत. कच्ची पावती देतात, पण तिच्यावर ‘जुना बिल्ला’ एवढंच लिहितात. ‘1945 पूर्वीचा, नकली निघाल्यास परत’ असं लिहायला तयार नाहीत. तोंडी मात्र ‘आणा परत, बदलून देऊ’. बदलून मिळतं, पैसे मिळत नाहीत. आणि एक वाईट सवय: विकण्यापूर्वी धातूचे तुकडे चिंच-मिठानं घासून लख्ख करतात. चिंचेतलं आम्ल पितळेतलं जस्त खातं, वर तांब्याचे गुलाबी डाग उरतात, आणि शंभर वर्षांची झाक दोन मिनिटांत जाते. ‘शेठ, आहे तसाच द्या’ असं सौदा ठरण्याआधी सांगावं. घरीही फार काही करू नये. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ ब्रश, लगेच कोरडं करायचं. हिरवट गंज बांबूच्या काडीनं हळू खरवडावा. चांदीला ॲल्युमिनियमच्या कागदाचा आणि सोड्याचा उपाय सगळीकडे सुचवतात, पण त्यानं खोलगट भागातली काजळीही जाते आणि पिसं सपाट दिसू लागतात. कापडाला पाणी लावूच नये.

ठेवणीत हे दुकान नापास. रबरबँडमध्ये गंधक असतं, त्यानं चांदी आणि कलाबतू काळी पडते. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, दोरा पिवळा आणि ठिसूळ होतो. घरी आल्यावर दोन्ही त्याच दिवशी काढून टाकावेत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये, त्यातून निघणाऱ्या वाफेनं पितळ चिकट आणि हिरवं होतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं चालतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्यावेत. लोकरी अस्तराला कसर लागते, म्हणून महिन्याकाठी एकदा उघडून झटकावं. डांबरगोळी ठेवायचीच तर कापडाला टेकू देऊ नये.

दोन कायदेशीर गोष्टी, कारण शेठ त्या सांगत नाहीत. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायला खाजगी माणसाला मनाई आहे. म्हणजे अस्सल आरएफसी विंग मिळालंच तर ते परदेशातल्या संग्राहकाला टपालानं विकायचा विचार सोडावा. आणि विंग्ज संग्रहात ठेवावेत, छातीवर नाही. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा म्हणून सैन्याची खूण वापरणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 140, आता भारतीय न्याय संहितेचं 168.

खणाच्या तळाशी नौदलाच्या पायलटचं एक सोनेरी विंग पडून आहे, मध्ये नांगर, हा नांगर खरोखरच नौदलाचा. डाव्या पंखाची कलाबतू दोन ठिकाणी उसवली आहे. शेठ 1,600 सांगतात. उसवलेली तार तिच्याच जागी रेशमी धाग्यानं टाचून घेता येते, पण नवी तार घालून दुरुस्त केलं तर निम्मी किंमत गेली. बाराशेपर्यंत सोडत असतील तर घ्यावं. दुकान अकराला उघडतं, रविवारी गर्दी असल्यामुळे खण बाहेर काढत नाहीत. भिंग स्वतःचं न्यावं, त्यांच्याकडच्या भिंगाची काच तडकलेली आहे.